“ताई, आधी कोणती लँग्वेज शिकू?”

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा मुलगा असो की मुलगी, मागे बहुधा आई किंवा वडील उभे असतात. त्यांच्या मनातला प्रश्न वेगळा असतो. पैसे किती लागतील, आणि ते पाण्यात तर जाणार नाहीत ना?

मी गेली वीस-बावीस वर्षे एका लहानशा कचेरीत दुकानांच्या हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करते. रविवारी अभ्यासिकेत बसते. तिथे दोन जुने संगणक आहेत. त्यामुळे हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. प्रत्येकाला उभ्या उभ्या उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळे लिहून काढावे, म्हणून हा लेख.

प्रथम एक भीती दूर करू. संगणकाला मराठी कळत नाही आणि इंग्रजीही कळत नाही. आतल्या यंत्राला फक्त शून्य आणि एक कळतात. प्रोग्रॅमिंगची भाषा ही माणूस आणि यंत्र यांच्यामधली सोय आहे. तिच्यात ठरलेले थोडे शब्द असतात आणि कडक व्याकरण असते. ‘सी’ या भाषेच्या १९८९ सालच्या प्रमाणित रूपात राखीव शब्द होते अवघे बत्तीस. ‘पायथन’मध्ये आज सुमारे पस्तीस आहेत. म्हणजे मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला पाठ करायचे ते तीन डझन शब्द. बाकीची नावे आपण ठेवायची. पायथनच्या आजच्या आवृत्तीत तर ‘बेरीज’, ‘भाडे’ अशी नावे देवनागरीत लिहिली तरी यंत्र ती मुकाट्याने स्वीकारते. ज्यांना वाटते की फाडफाड इंग्रजी येत नाही तोवर हे आपले काम नव्हे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते सांगत, आय.टी.आय.मध्ये पहिले काही महिने त्यांच्या हाती फक्त कानस होती. लोखंडाचा तुकडा शिकंजात धरायचा, घासायचा, गुण्या लावून पाहायचा, फट दिसली की पुन्हा घासायचा. पुढे नोकरीत त्यांनी कानस क्वचितच हाती धरली असेल. तिथे मोठी यंत्रे होती. पण हात आणि नजर तयार झाली ती त्या कानशीवर. पहिली लँग्वेज ही अशीच कानस असते. तिच्यावर जन्म काढायचा नसतो. तिच्यावर हात बसवायचा असतो.

हात कशावर बसवायचा? कोणत्याही भाषेत पाच गोष्टी असतातच. माहिती नाव देऊन साठवणे, अट घालणे, तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणे, बऱ्याच गोष्टींची यादी सांभाळणे, आणि एका कामाचा वेगळा तुकडा करून त्याला हवे तेव्हा हाक मारणे. मी १९९८ साली पॉलिटेक्निकमध्ये सी शिकले. एका संगणकावर आम्ही तिघी, आणि वेळ तासाभराचा. म्हणून घरी वहीत प्रोग्रॅम लिहायचा, पेन्सिलीने रकाने आखायचे आणि प्रत्येक ओळीनंतर कोणत्या नावात कोणता आकडा आहे हे भरत जायचे. त्या रकान्यांनी मला जे दिले ते अजून पुरते. नंतर जावा शिकायला काही महिने लागले, पायथनला काही आठवडे. कारण पाच गोष्टी त्याच होत्या, फक्त लिहिण्याची रीत बदलली होती.

कोणती भाषा आधी, हा वाद जाणत्या लोकांतही जुनाच आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी १९६४ साली ‘बेसिक’ ही भाषा सुरू केली. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू. झुरिचचे निकलाउस विर्थ यांनी १९७० साली शिकवण्यासाठीच ‘पास्कल’ काढली. डाइक्स्ट्रा नावाच्या थोर डच शास्त्रज्ञाने १९७५ साली लिहिले की आधी बेसिक शिकलेल्यांना पुढे चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळजवळ अशक्य असते. मोठ्या माणसाचे मत म्हणून ते पुष्कळांनी खरे मानले. पण फिनलंडमधला एक मुलगा, लिनस टोरवाल्ड्स, आजोबांच्या छोट्या कमोडोर संगणकावर बेसिकच शिकला. त्यानेच १९९१ साली सी भाषेत लिनक्सचा गाभा लिहिला. आज आपल्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सवर चालतो. तेव्हा पहिली भाषा चुकली म्हणून कोणाचे आयुष्य चुकत नाही.

मग काळजी कशाची करायची? आमच्याच चाळीतले उदाहरण सांगते.

चाळीत एक काका आहेत, माथाडी कामगार. त्यांच्या थोरल्या मुलाला त्यांनी शहरातल्या एका क्लासला घातले होते. ‘हमखास नोकरी’ अशी पाटी होती आणि फी आगाऊ भरायची होती. जावा शिकवणार होते. मुलगा दोन महिन्यांनी जायचा थांबला. घरात बोलणे सुरू झाले, “त्याला डोकंच नाही.” मुलगाही तसेच म्हणू लागला आणि कुरियरच्या कामाला लागला. पुढच्या वर्षी धाकटी मुलगी बारावी झाली. तिलाही हेच शिकायचे होते. काकांची भिशी जुलैमध्ये लागणार होती. वीस जणांची, दोन-दोन हजारांची. म्हणजे चाळीस हजार. काका मला म्हणाले, “ताई, एकदा गेले. आता पुन्हा घालू की नको, तुम्हीच सांगा. आपल्या पोरांचं हे काम आहे का?”

मी थोरल्याला त्याची क्लासची वही आणायला सांगितली. पहिल्याच पानावर ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ असे शब्द होते. पडद्यावर नुसते ‘नमस्कार’ उमटवायचे, तरी जावामध्ये वर्षानुवर्षे एवढा सरंजाम लागत असे. २०२५ च्या जावा २५ या आवृत्तीत नवशिक्यांसाठी तो बराच कमी केला आहे, पण वहीत सगळा जुनाच होता. त्याने अर्थ विचारला तेव्हा उत्तर मिळाले, “ते नंतर कळेल, आता लिहून घ्या.” तीस मुले आणि शिकवणारा एक. ‘सिस्टिम’मधले पहिले अक्षर लहान पडले म्हणून याचा प्रोग्रॅम चालेना. लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर आला. शेजारच्यांचे चालले होते, म्हणून हा गप्प बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या मुलाला डोके नव्हते असे नाही. शेजारी बसून “बघ, हे एक अक्षर” म्हणणारे कोणी नव्हते. पैसे गेले ते पुन्हा मिळवता येतात. “मला डोकं नाही” ही समजूत मात्र पोराच्या मनातून सहजी निघत नाही, आणि मग घरातल्या पुढच्या लेकरालाही ती चिकटते.

म्हणून मी काकांना म्हटले, भिशीला तीन महिने हात लावू नका. पोरीला पायथनने सुरुवात करू द्या.

पायथनच का? गिडो व्हान रोसम या डच गृहस्थांनी ही भाषा १९९१ साली लोकांपुढे ठेवली. त्याआधी ते नवशिक्यांसाठी केलेल्या ‘एबीसी’ नावाच्या भाषेवर काम करत होते, आणि तिथला साधेपणा त्यांनी इकडे आणला. नाव अजगरावरून नाही, एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून ठेवले आहे. ‘नमस्कार’ उमटवायला इथे एकच ओळ लागते. भाषा फुकट आहे आणि साध्या अँड्रॉइड फोनवरही विनामूल्य ॲप घेऊन चालते. कठीण गोष्टी हिच्यातही आहेत. पण त्या पहिल्या दिवशी दारात आडव्या येत नाहीत. पहिल्याच संध्याकाळी आपण लिहिलेले चालले, हे पोरीने डोळ्यांनी पाहिले. नवशिक्याला त्या वेळी याहून दुसरे काही लागत नाही.

ती आठवडाभर फोनवर लिहायची आणि रविवारी अभ्यासिकेतल्या संगणकावर. मी तिला एकच काम दिले, बाबांच्या भिशीचा हिशेब. वीस नावांची यादी, कोणी भरले, कोणी राहिले, जमा किती, येणे किती. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. अटीखालच्या ओळी सारख्याच आत सरकलेल्या हव्यात. फोनवर लिहिताना तिची एक ओळ बाहेर राहिली आणि प्रोग्रॅम अडला. मागे उभा असलेला थोरला म्हणाला, “अगं, वरची ओळ आत आहे, खालची नाही.” चूक त्याने शोधली. त्यानंतर रविवारी तोही येऊन बसू लागला. बाकी त्याचे कुरियरचे काम चालूच आहे. मी चमत्कार सांगत नाही. पण त्या घरात “डोकं नाही” हे वाक्य आता ऐकू येत नाही.

तीन महिन्यांनी मुलीची आवड नक्की झाली, तेव्हा भिशीतले अठरा हजार देऊन जुना लॅपटॉप घेतला. उरलेले पैसे कॉलेजच्या प्रवेशासाठी ठेवले. ती आज बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आता प्रत्येकाने पायथनच घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. कॉलेजात किंवा डिप्लोमाला सी लावलेली असेल तर सीच मनापासून करावी. शिक्षक, परीक्षा, मैत्रिणी सगळ्यांची भाषा एक असली की अडलेले विचारता येते. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवलेली ही भाषा आहे, आणि ती यंत्राच्या आतले दाखवते. सात रुपये दोघांत वाटायला सांगा. दोन्ही आकडे पूर्णांकांच्या खणात असतील तर सी उत्तर देते तीन. अर्धा रुपया चक्क गळतो. पायथन साडेतीन देते. सी शिकणाऱ्याला हे का होते ते समजून घ्यावेच लागते, आणि ते समजणे फुकट जात नाही. ज्याला वेबसाइट करायच्या आहेत त्याने एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट घ्यावी. ती कोणत्याही ब्राउझरमध्ये चालते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत लिहिला होता. जावाशी तिचे नाते जवळजवळ नावापुरतेच आहे. क्लासच्या पत्रकात ही दोन नावे वाचून पालकांनी घोटाळा करून घेऊ नये.

निवड करताना स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्याजवळ आज जे यंत्र आहे त्यावर ती चालेल का? अडले तर विचारायला जवळपास कोण आहे? आणि पहिल्या आठवड्यात माझे स्वतःचे काही चालेल का? या तिन्हींना ज्या भाषेचे उत्तर ‘हो’ येईल, ती आपली पहिली भाषा. मग वर्षभर ती सोडू नये. आज ही, उद्या ती, असे केल्याने पाचांपैकी एकही गोष्ट पक्की होत नाही. चूक आली की लाल मजकुराला घाबरू नये. पायथनमध्ये त्याची शेवटची ओळ आधी वाचावी, बहुतेक वेळा कारण तिथेच लिहिलेले असते.

क्लासचे पैसे भरण्याआधी फुकटचे पाहावे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे सीसारख्या विषयांचे छोटे पाठ मराठी आवाजातही आहेत. एनपीटीईएलचे अभ्यासक्रम पाहायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच फी. तरीही क्लास लावायचा झाला तर दोन दिवस आधी बसून पाहावे, एका यंत्रावर किती मुले हे मोजावे, फी महिन्याच्या हप्त्याने द्यावी आणि नोकरीचे आश्वासन लेखी मागावे. लेखी मागितले की खरे-खोटे पुष्कळसे तिथेच कळते.

“आता म्हणे यंत्रच प्रोग्रॅम लिहून देतं, मग शिकायचं कशाला?” असेही विचारतात. यंत्र लिहून देते हे खरे आहे. मीही कचेरीत त्याची मदत घेते. पण ते कधी कधी ठामपणे चुकीचे लिहिते, आणि भिशीचा हिशेब चुकला तर भांडण यंत्राशी होत नाही, शेजाऱ्याशी होते. लिहिलेले तपासायला गुण्या आपल्याच हाती हवा, आणि तो धरता येण्यासाठी आधी थोडी कानस चालवलेली हवी.

पालकांना शेवटी एवढेच सांगणे. लेकराने रात्री पहिला प्रोग्रॅम चालवून दाखवला तर तो कितीही छोटा असो, हातातले काम बाजूला ठेवून पाहा. तुम्हाला त्यातले कळले नाही तरी चालेल. “हे कसं केलंस, सांग बरं,” एवढे विचारा. सांगताना त्याला स्वतःलाच ते अधिक कळेल. आणि ज्यांना थोडेफार येते त्यांनी आठवड्यातला एक तास कोणाच्या तरी शेजारी जाऊन बसावे. लँग्वेज कोणतीही असो, आमच्या अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीची गरज अजून संपलेली नाही.