दोषी डॉक्टरचे नाव झाकू नका

महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या सन्माननीय सदस्यांस,



डॉक्टरने सांगताच बाई तपासणीच्या टेबलावर झोपते, कपडे सैल करते. सासरी कुणाला ठाऊक नसलेला गर्भपात, नवऱ्याचा मार, लपवलेला आजार, सारे त्याला सांगते. त्याच्या पाटीवरचा नोंदणी क्रमांक पाहून ती निर्धास्त असते. तो क्रमांक तुम्ही दिलेला आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

तपासणीच्या नावाखाली कुणी नको तिथे हात लावला, तर पोलिसांत जायलाच हवे. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याने तिथल्याच स्त्रीवर बलात्कार केला, तर कायद्याने किमान 10 वर्षांची सक्तमजुरी आहे. पण खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो आणि दवाखाना चालूच राहतो. तोवर पुढच्या रुग्णाला तुम्हीच वाचवू शकता. डॉक्टरांच्या आचरणाविषयीच्या 2002च्या नियमावलीने तुम्हाला तेवढे बळ दिले आहे. रुग्णाशी गैरवर्तन करणाऱ्यावर कारवाई करता येते, तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत द्यायचा असतो आणि चौकशी चालू असताना ज्या कामाविषयी तक्रार आहे ते करण्यापासून डॉक्टरला रोखता येते. हे अधिकार वापरा.

चौकशी कोण करतो, यावरही खूप काही अवलंबून असते. लॅरी नासर हा अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर. 2014 मध्ये एका तरुणीने त्याच्या स्पर्शाबद्दल तक्रार केली, तेव्हा तो जिथे काम करायचा त्या विद्यापीठाने त्याच्याच ओळखीच्या तज्ज्ञांचे मत घेतले. त्यांनी तो उपचारच असल्याचे सांगितले. नासर सुटला आणि पुन्हा रुग्ण तपासू लागला. जानेवारी 2018 मध्ये त्याला शिक्षा झाली, त्या सुनावणीत दीडशेहून अधिक जणी बोलल्या. म्हणून अशा चौकशीत आरोपीच्या मित्रांना आणि सहकाऱ्यांना जागा देऊ नका. वैद्यक व्यवसायाबाहेरची माणसे घ्या, स्त्रिया घ्या. तक्रारदार स्त्रीला आरोपीसमोर बसवून उलटतपासणीने छळू नका.

खाजगीपणाचा भंगही याच तोलाचा गुन्हा माना. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या सीसीटीव्हीची चित्रणे इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघडकीला आले. त्यात स्त्रियांची तपासणी चालू असतानाची दृश्ये होती. चोरी बाहेरच्यांनी केली, अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. पण मुळात तपासणीच्या खोलीत कॅमेरा कशाला हवा? हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयाला विचारायला हवा. रुग्णाचे गुपित फोडू नये, ओळख पटेल असा त्याचा फोटो परवानगीवाचून छापू नये, हे नियमावलीत आहेच. व्हॉट्सअ‍ॅपवर रुग्णाचा फोटो फिरवणाऱ्या डॉक्टरलाही त्याच कसोटीवर तपासा.

आणखी दोन मागण्या आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019च्या कायद्यात, कलम 30 मध्ये, तुमच्या निर्णयावर अपील करण्याचा हक्क नाराज डॉक्टरला दिला आहे. तिथे तक्रारदार रुग्णाचे नावही नाही. 2002च्या नियमांत मात्र निर्णयाने नाराज झालेल्या कुणालाही अपील करता येत होते. तो हक्क कायद्यातच स्पष्टपणे लिहिला जावा, यासाठी परिषदेने केंद्राकडे आग्रह धरावा.

दुसरी मागणी उघडपणाची. नोंदवहीतून नाव काढले तर स्थानिक वृत्तपत्रांत त्याची व्यापक प्रसिद्धी करावी, असे नियमच सांगतो. ती प्रत्येक वेळी करा. काही महिन्यांसाठी परवाना थांबवला असेल, तरी डॉक्टरचे नाव, दोष आणि शिक्षा तुमच्या ऑनलाइन नोंदवहीत कायम दिसू द्या. मुदत संपली म्हणून ती नोंद पुसू नका. ब्रिटनमध्ये डॉक्टरांवरच्या सुनावण्या सहसा जाहीरपणे होतात आणि नाव काढलेल्या डॉक्टरला पाच वर्षे परतीचा अर्जही करता येत नाही. तिथेही तक्रारदाराची ओळख गुप्त राखली जाते. आपल्याकडेही गुप्तता रुग्णाची राखा. दोष सिद्ध झालेल्या डॉक्टरला त्या गुप्ततेचा आडोसा मिळता कामा नये.

यामुळे व्यवसायाची बदनामी होईल, असे कुणी म्हणेल. प्रामाणिक डॉक्टरांची खरी बदनामी दोषींना पाठीशी घालण्याने होते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला दवाखान्यात पाऊल टाकण्याआधी त्या डॉक्टरवर काय कारवाई झाली हे पाहता आले पाहिजे. एवढी व्यवस्था तुम्ही याच वर्षी करावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक रुग्ण