थारोळं म्हणजे नक्की किती?

मराठी पेपरात अपघाताची बातमी आली की एक शब्द ठरलेला. थारोळं. 'रक्ताच्या थारोळ्यात पडलेला तरुण' असं वाचत आपण चहाचा घोट घेतो आणि पान उलटतो. पण थारोळं म्हणजे नक्की किती? एक कप? एक लिटर? दोन? प्रश्न विचित्र वाटेल, पण गेलं वर्षभर तो माझ्या डोक्यातून जात नाहीये.

त्याला कारण आहे माझ्या ऑफिसमधल्या मित्राचा धाकटा भाऊ. चोवीस वर्षांचा, रविवारी क्रिकेट, रोज जिम, एकदम फिट. मागच्या पावसाळ्यात पुण्याजवळ बायपासवर त्याची बाइक घसरली आणि दुभाजकावर आदळली. मागे बसलेल्या दोस्ताचं डोकं फुटलं. चेहरा, शर्ट, रस्ता, सगळं लाल. साहजिकच गर्दी त्याच्याभोवती. आमचा हा दुभाजकाला टेकून बसला होता. कोपर खरचटलेलं, बाकी काही नाही. थांबलेल्या रिक्षावाल्याला म्हणाला, "काका, मी ओके आहे, आधी त्याला न्या." मग त्याने पाणी मागितलं. मग पुन्हा मागितलं. मग त्याचं बोलणं तुटक व्हायला लागलं.

दोस्त टाके घालून दोन दिवसांत घरी आला. हा आला नाही. बाइकचं हँडल पोटात बसलं होतं आणि आत प्लीहा फाटली होती. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माझा मित्र प्रत्येकाला एकच विचारत होता, "पण रक्त कुठे होतं? शर्टावर एक डाग नव्हता रे!" डॉक्टर हळूच म्हणाले, "सगळं आत होतं."

दोन महिन्यांनी आमच्या ऑफिसने प्रथमोपचाराचं ट्रेनिंग ठेवलं. ट्रेनरने बादलीभर लाल रंगाचं पाणी आणलं होतं. मोजून ओतायचं काम माझ्याकडे आणि अंदाज सांगायचं काम बाकीच्यांकडे. आधी चकचकीत फरशीवर ३५० मिली ओतलं. "एक लिटर तर नक्की!" "छे, दीड!" मग एक लिटर ओतलं, पण निम्मं जुन्या काळ्या जीन्सवर आणि निम्मं कुंडीतल्या मातीत. "पाव लिटर असेल." लोक हसले. माझा मित्र मागच्या रांगेत बसला होता. तो हसला नाही.

गणित साधं आहे. ३५० मिली द्रव एक मिलिमीटर जाडीने पसरला, तर दोन बाय दोन फुटांची आख्खी फरशी जवळजवळ झाकली जाते. ब्लड डोनेशन कॅम्पमध्ये आपण देतो ती एक पिशवी एवढीच असते. ती देऊन, बिस्किट खाऊन, आपण लिफ्टने वर जाऊन पुन्हा मेल चेक करतो. तेवढंच रक्त रस्त्यावर दिसलं की पोटात गोळा येतो. पावसाचं पाणी मिसळलं तर वाटीभर रक्ताचा ओहोळ दिसतो. काही गाड्यांचा कूलंट लालसर असतो, तोही त्यात भर घालतो. याउलट जाड कपडे, सीटचा फोम आणि साइडची माती रक्त पिऊन टाकतात आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत. डॉक्टर, नर्स, पॅरामेडिक यांच्या अंदाजांवरही अभ्यास झालेत. त्यांचीही नजर फसते. थोडं सांडलेलं जास्त वाटतं आणि खूप सांडलेलं कमी.

आणि हे झालं फक्त दिसणाऱ्या रक्ताचं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. छाती, पोट, कमरेची हाडं आणि मांडी, या चार ठिकाणी ते थेंबही बाहेर न पडता साचू शकतं. मांडीचं हाड मोडलं, कातडी शाबूत असली, तरी आत एक ते दीड लिटर रक्त जाऊ शकतं. डोक्याच्या कातडीचं नेमकं उलटं. तिथे रक्तवाहिन्या भरपूर, त्यामुळे जखम लहान असली तरी देखावा मोठा. (म्हणून डोक्याचा मार हलका समजायचा, असं मात्र मुळीच नाही.) जागीच मृत्यू झाला असेल, तर हृदय थांबल्यामुळे रक्त पंप होणंही थांबतं. म्हणजे थारोळं लहान म्हणून मार कमी, हा हिशोब तिथेही चुकतो.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आपलं तरुण शरीर. साधारण ७५० मिलीपर्यंत ते फारशी तक्रारच करत नाही. दीड लिटरपर्यंत नाडी धावते, जीव कासावीस होतो, पण ब्लडप्रेशर बऱ्याचदा ठीकठाक दिसतं. ते पडतं तेव्हा एकदम पडतं. जिमवाला, क्रिकेटवाला, 'मी ओके आहे' म्हणणारा गडी हे सगळं जास्त वेळ लपवू शकतो.

म्हणून डबक्याकडे बघू नका, माणसाकडे बघा. पांढराफटक चेहरा, थंड घाम, भरभर श्वास, धावती नाडी, सारखी तहान, अस्वस्थपणा, असंबद्ध बोलणं. यातलं काही दिसलं की तो 'ओके' नाही. १०८ किंवा ११२ लावा आणि फोनवर हेच सांगा. त्याला आडवं राहू द्या, मान हलवू नका, अंगावर जॅकेट घाला. गर्दीतून "पाणी पाजा रे" हमखास येतं, पण पाजू नका. बाहेर वाहणाऱ्या जखमेवर रुमाल, ओढणी, जे असेल ते घट्ट दाबून धरा. भिजलं तर पहिलं न काढता वर दुसरं ठेवा.

'पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार?' हे कारणही आता जुनं झालं. ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही. नाव सांगायचं की नाही, हेही तुमच्या हातात.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या कितीजणांभोवती गर्दी होती आणि कितीजण बाजूला शांत बसले होते, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. तुम्ही कधी अशा ठिकाणी थांबलात, तर रक्ताने माखलेल्याकडे लोक धावतीलच. तुम्ही त्या दुसऱ्याजवळ जा. त्याला नाव विचारा, त्याचा हात हातात घ्या. हात गार आणि घामेजलेला लागला, तर अँब्युलन्स त्याच्यासाठीही बोलवा. तो नको म्हणाला तरी.