गरमीचा माग

उपदंशाला मराठीत गरमी म्हणतात. सोळाव्या शतकात भावमिश्राने भावप्रकाशात त्याला फिरंग रोग म्हटले, कारण तो फिरंग्यांच्या संगतीने आला असे मानले जाई. या फिरंग्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, चौल-रेवदंड्याची ठाणी कोकणातल्या श्रीवर्धन तालुक्याच्या उत्तरेला, याच किनाऱ्यावर होती. आज श्रीवर्धनची ये-जा मुंबईशी आहे. नोकरीवाले चाकरमानी शिमग्याला, गणपतीला गावी येतात आणि परततात. त्यामुळे मुंबईसारख्या शहरात उपदंशाची साथ आली, तर तिचा माग काढताना असे तालुकेही पाहावे लागतात.

हा आजार लपतो चांगला. संसर्गानंतर 10 ते 90 दिवसांत, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, एक फोड येतो. तो दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरतो. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने गुण आला, असे माणूस धरून चालतो. पुढे तळहातांवर आणि तळपायांवर पुरळ उठते, तेही उष्णतेवर नाहीतर अ‍ॅलर्जीवर ढकलले जाते. नंतर बाहेरून काहीच दिसत नाही. रुग्णालयाच्या रजिस्टरवर साथ उमटते तेव्हा ती काही महिने जुनी असते.

पहिली खूण त्या रजिस्टरातच सापडते. वर्षाकाठी एखादा रुग्ण आढळणाऱ्या तालुक्यात एका महिन्यात तीन आढळले, तर थांबून पाहावे लागते. मात्र नुसता 'पॉझिटिव्ह' शेरा पुरत नाही. आरपीआर ही रक्ताची चाचणी गरोदरपणात किंवा मलेरियातही कधी चुकीची निघते, शिवाय जुन्या, बऱ्या झालेल्या आजाराच्या प्रतिपिंडांचा अंश रक्तात राहतो. म्हणून टीपीएचए या दुसऱ्या चाचणीने खात्री करायची आणि आरपीआरचे प्रमाण पाहायचे. 1:2 आणि 1:64 यांचा अर्थ एक नाही.

जोडीदारांचा माग काढताना खरे कसब रुग्णाच्या मुलाखतीत लागते. आजार पहिल्या अवस्थेत असेल तर लक्षणे सुरू होण्याआधीचे तीन महिने, दुसऱ्या अवस्थेत असेल तर सहा महिने, आणि लक्षणांविना नुकता लागलेला असेल तर मागचे वर्षभर, एवढ्या काळातले जोडीदार विचारायचे असतात. 'मार्चमध्ये कोणाशी संबंध आला?' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. शिमग्याची पालखी येऊन गेल्यावर की आधी, 1 जूनला मासेमारी बंद झाली तेव्हा खलाशी कुठे होता, नारळी पौर्णिमेला बोट सुटली तेव्हा फोड होता का, असे विचारले की माणसाला आठवू लागते. किनाऱ्यावरचे कॅलेंडर असे सणांचे आणि समुद्राचे आहे. मुलाखत घेणाऱ्याला ते पाठ हवे. चांगल्या-वाईटाचा निवाडा मात्र त्याने चेहऱ्यावरही आणू नये. एक भुवई उंचावली की पुढची नावे येत नाहीत.

तपासणीला आलेल्या जोडीदाराला माहिती कोणाकडून मिळाली हे सांगायचे नसते. मोठ्या शहरात हे जमते. श्रीवर्धनसारख्या गावात नर्स रुग्णाच्या भावकीतली निघू शकते आणि नुसत्या तारखेवरून नाव कळू शकते. अशा वेळी तारीखही सांगू नये, आणि अलिबाग, पनवेल किंवा मुंबईत तपासणीची सोय सुचवावी. सोबत एचआयव्हीचीही चाचणी होते. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार तिला संमती लागते, आणि परवानगीविना निकाल उघड करण्यास मोजके अपवाद सोडता मनाई आहे.

जबरदस्तीचा मार्ग मुंबईने पाहिलेला आहे. सांसर्गिक रोग कायदा तेथे 1870 मध्ये लागू झाला, 1872 मध्ये मागे घेतला गेला, 1880 मध्ये पुन्हा आणला गेला आणि 1888 मध्ये संपला. वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी, लॉक हॉस्पिटल म्हटल्या जाणाऱ्या गुप्तरोगांच्या रुग्णालयात कोंडणे, असा तो कारभार होता. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांना कोणी तपासत नव्हते. अर्धीच साखळी धरणारा हा उपाय अन्यायाचा होता आणि वैद्यकीयदृष्ट्याही फोल होता. उलट 1992 पासून सांगलीत 'संग्राम' या संस्थेने देहविक्री करणाऱ्या बायकांनाच निरोध वाटण्याचे, मैत्रिणींना समजावण्याचे काम सोपवले. कोण आजारी आहे, कोण घाबरून दवाखाना टाळते आहे, हे त्यांना कोणत्याही निरीक्षकापेक्षा आधी कळे.

उपचार सोपा आहे. सुरुवातीच्या अवस्थेत बेन्झाथिन पेनिसिलिनची 24 लाख युनिट एकदाच, स्नायूत. सरकारी केंद्रात ते पांढऱ्या किटमध्ये असते आणि पेनिसिलिन न चालणाऱ्यांसाठी निळे किट असते. मागच्या 90 दिवसांत संबंध आलेल्या जोडीदाराची चाचणी निगेटिव्ह आली तरी त्याला औषध द्यायचे, कारण तेवढ्या दिवसांत आजार रक्तात दिसेलच असे नाही. इंजेक्शननंतर पहिल्या 24 तासांत ताप, अंगदुखी येऊ शकते. हे आधी सांगितले नाही, तर 'सुई बाधली' अशी बोलवा उठते आणि पुढचे जोडीदार येत नाहीत. सहा ते बारा महिन्यांत आरपीआरचे प्रमाण चौपटीने, म्हणजे 1:32 वरून 1:8 वर उतरले, की उपचार लागू पडला असे समजतात.

या सगळ्यात सर्वांत गंभीर नोंद गरोदर बाईची. उपचाराविना पोटातले मूल दगावू शकते किंवा आजार घेऊन जन्मू शकते. बाळंतपणाच्या किमान 30 दिवस आधी पेनिसिलिन मिळाले, तरच बाळासाठी उपचार पुरेसा धरतात. दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच रक्त तपासून घ्यावे, आणि तपासणीला नवऱ्यानेही सोबत जावे.