धारवाडला जाताना

बेळगाव ते धारवाड हे अंतर जेमतेम पाऊणशे किलोमीटरचे. आपल्याकडची माणसे लग्नकार्याला, विद्यापीठाच्या कामाला सकाळी जातात आणि संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन परततात. मीही कितीदा तशीच गेले असेन. पण गेल्या जूनमध्ये बसमध्ये माझ्याबरोबर गादीची वळकटी, भांड्यांची पिशवी आणि पुस्तकांची दोन खोकी होती. हिरेबागेवाडी गेले, मलप्रभेचा पूल गेला, कित्तूरला बस थांबली. ओळखीचीच गावे, पण त्या दिवशी एकेक करून मागे सुटत चालली होती.

सतरा वर्षे मी बेळगावात इतिहास शिकवला. विद्यार्थी कमी झाले आणि कॉलेजने विषयच बंद केला. यजमानांची नोकरी बेळगावात, मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला. रोज रात्री एकच प्रार्थना करायचे, ‘प्रभो, थोडा अवकाश दे. मुलाची परीक्षा होईपर्यंत तरी.’ तो मिळाला नाही. धारवाडच्या एका कॉलेजचे पत्र आले आणि आठ दिवसांत हजर व्हायचे होते. कोठे जायचे ते न सांगताच देवाने अब्राहामाला घर सोडायला लावले, ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना कितीदा सांगितली होती! तेव्हा ती किती सोपी वाटायची.

निघताना सासूबाईंनी आपले जुने ‘उपासना संगीत’ हातात ठेवले. त्यातली कितीतरी गीते रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. हेच टिळक १८९३ मध्ये नोकरीसाठी रेल्वेने राजनांदगावला निघाले असताना डब्यातल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पूर्वी हा प्रसंग वाचताना मी टिळकांबरोबर त्या डब्यात बसायची. आता मात्र मनात येतात त्या मागे राहिलेल्या लक्ष्मीबाई. जाणाऱ्याला पुढची वाट तरी असते. घरी राहणाऱ्याचे काय?

धारवाडात पाऊस मुक्कामालाच होता. घरमालकीणबाई खोलीला ‘खोली’ आणि शाळेला ‘साली’ म्हणाल्या, तेव्हा जरा धीर आला. पण पहिल्याच तासाला तो ओसरला. बेळगावच्या बाजारात चालणारे माझे कन्नड वर्गात अपुरे पडले. कित्तूरच्या १८२४ च्या लढाईबद्दल बोलताना, दत्तकाचा वाद निघाला आणि इंग्रजांना ‘अवसर’ मिळाला, असे मी सांगून गेले. मुले हसली. मराठीत अवसर म्हणजे संधी. कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई. संधीला तिकडे म्हणतात ‘अवकाश’. दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या आपल्या वाचकांना हे नवीन नाही. मला मात्र भर वर्गात शिकावे लागले.

त्या दिवशी ग्रंथालयात फर्डिनांड किट्टेल यांचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश काढून बसले. १८५३ मध्ये बासेल मिशनतर्फे भारतात आलेला हा जर्मन माणूस. सुमारे सत्तर हजार शब्दांचा त्यांचा कोश छापून झाला तो १८९४ मध्ये. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने या भाषेला चाळीस वर्षे दिली. मी तर पाऊणशे किलोमीटरवरून आलेली. तेव्हापासून उद्याच्या तासाचे शब्द रात्री वहीत लिहून काढते. मुलेही आता चुकले की हळूच सांगतात.

पहिल्या रविवारी चर्चमध्ये उपासना कन्नडमध्ये. गीताची चाल ओळखीची निघाली, म्हणून मी माझे पुस्तक उघडून मराठीतच हळू गुणगुणू लागले. शेजारच्या अज्जींनी वळून विचारले, ‘‘याव ऊर्री निम्दु?’’ बेळगाव म्हटल्यावर त्या बाकावर सरकल्या, आपले कन्नड पुस्तक दोघींच्या मध्ये धरले आणि ओळीखाली बोट ठेवून गाऊ लागल्या. त्या बोटामागून वाचता वाचता माझे डोळे भरून आले. पूर्ण वाट देवाने मला दाखवली नाही. चालू ओळीखाली बोट मात्र ठेवले.

मी देवाकडे मराठीतला अवकाश मागितला होता. त्याने कन्नडमधला दिला. हे पटायला मला चार महिने लागले, आणि रोज पटतेच असेही नाही. मुलाला ताप आला त्या रात्री मुळीच पटले नव्हते.

आता शनिवारी संध्याकाळी बेळगाव आणि सोमवारी पहाटेची धारवाड बस. थांब्यावर सोडायला यजमान येतात, डबा हातात देतात, फारसे बोलत नाहीत. कित्तूरला बस थांबली की अजूनही पोटात कालवते. डोळे मिटून घरच्या दोघांची नावे घेते. तोवर कंडक्टर शिट्टी मारतो आणि बस निघते.