‘जातो’ नाही, ‘येतो’!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे. मित्रांनो, सांभाळून घ्या! लहानपणी क्लासला निघताना मी ‘आजी, जातो गं’ म्हणालो की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं.’ मला हसू यायचं. जाणारा माणूस ‘येतो’ कसा म्हणेल? लॉजिकच चुकतंय! ते लॉजिक मला कळलं एका कॅल्क्युलेटरमुळे.

माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, नववीत असताना मामाच्या नोकरीमुळे अमेरिकेला गेला. तिथे शाळेत गणिताला ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर लागतो. त्याने जुना टीआय-८३ प्लस घेतला आणि कॉलेज संपेपर्यंत वापरला. गेल्या दिवाळीत मामीने तो मला आणून दिला. १९९९ साली बाजारात आलेलं मॉडेल, ९६ बाय ६४ ठिपक्यांची स्क्रीन. आपल्या परीक्षेत चालत नाही, म्हणून रूममेट्सनी त्याचं नाव ‘शोपीस’ ठेवलं. पण आत आहे १९७६ सालचा झेड-८० प्रोसेसर! लॅबमध्ये ज्या ८०८५ च्या किटवर आपण हेक्स कोड बडवतो, त्याचा हा चुलतभाऊ. दोघेही ८०८० च्या घराण्यातले. रिटर्नचा कोडसुद्धा दोघांचा एकच, सी९.

वाचता वाचता कळलं, की हे यंत्र ऑफ केलं तरी लगेच झोपत नाही. ठरावीक नावाची फाइल मेमरीत ठेवायची, एक फ्लॅग सेट करायचा, की बंद होण्याआधी ते आपला कोड चालवतं. आणि झोपतं म्हणजे तरी काय? प्रोसेसर थांबतो, पण सेलवर रॅम जागीच असते. ऑन दाबलं की सगळं जिथल्या तिथे.

मी ठरवलं, बंद होताना स्क्रीनवर ‘येतो’ उमटलं पाहिजे. त्याला देवनागरी येत नाही, म्हणून ग्राफ पेपरवर चौकोन भरून अक्षरं काढली, त्यांचं हेक्स केलं, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री दोनपर्यंत एकेक आकडा टाइप केला. सेकंड दाबून ऑन दाबलं. ‘येतो’ दिसलं! रूममेट्सनी टाळ्या वाजवल्या. पण ‘येतो’ काही जाईना. सगळी बटणं मेली. शेवटी सेल काढून घातले, तर स्क्रीनवर आलं, ‘रॅम क्लिअर्ड’.

चूक वायव्हात विचारतात तीच. पुश केलं आणि पॉप विसरलो. परतीच्या पत्त्यावर माझाच आकडा पडून राहिला, आणि सी९ ने त्यालाच पत्ता समजून उडी मारली. घरी यायचा तो भलत्याच गावाला गेला!

कोड काय, पुन्हा लिहिता येतो. पण त्या रॅममध्ये दादाचे प्रोग्राम होते. अमेरिकेतल्या पहिल्या वर्षी, मित्र नसताना, जेवणाच्या सुट्टीत एकट्याने बसून लिहिलेले. आर्काइव्हमध्ये चांदणी लावलेले दोन वाचले, बाकीचे सहा गेले. बॅकअप घ्यायचं मला सुचलंच नव्हतं.

दादाला फोन करायला मला तीन दिवस लागले. ऐकून तो गप्पच झाला. मग म्हणाला, ‘त्यातला एक परत यायचे दिवस मोजायचा. रोज एक आकडा कमी. आम्ही आलोच नाही, मग मीही तो उघडला नाही.’ मला काय बोलावं कळेना. तोच पुढे म्हणाला, ‘तुझा कोड नीट झाला की फोटो पाठव.’

आता पॉप टाकलंय. ‘येतो’ म्हणून तो शहाण्यासारखा झोपतो, आणि ऑन दाबलं की खरंच येतो. दादाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, ‘येतो.’ कधी, ते मी विचारलं नाही.

ज्युनिअर्सना एवढंच सांगेन. पुश केलंत तर पॉप करा, आणि दुसऱ्याच्या वस्तूवर प्रयोग करण्याआधी त्यात त्याचं काय काय आहे ते विचारा.

चला, मेसची घंटा झाली. येतो!