क्लच गेला नाही, इटालियन आहे

किनवटमध्ये इटालियन मोटारसायकलच्या प्रेमात पडायचं असेल तर ती न बघताच पडावं लागतं. नांदेडहून आदिलाबादकडे जाताना, पैनगंगेच्या खोऱ्यात, सागाच्या जंगलाला लागून असलेलं हे तालुक्याचं गाव. रस्त्यावर स्प्लेंडर दिसते, पल्सर दिसते, दिवाळीनंतर कापसाने फुगलेले टेम्पो दिसतात. डुकाटी दिसत नाही. तरीही दहावीत माझ्या वर्गात निदान चार पोरं अशी होती, ज्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर डुकाटीचं चित्र होतं.

हे प्रेम गावात आलं मेमरी कार्डातून. तेव्हा मोबाइलच्या दुकानात पैसे दिले की कार्ड भरून मिळायचं. गाणी, वॉलपेपर, आणि मोटोजीपीच्या दोन-तीन मिनिटांच्या क्लिपा. साल २०११-१२. व्हॅलेंटिनो रोसी नुकताच डुकाटीकडे गेला होता. इटालियन माणूस, इटालियन गाडी, लाल रंग. आता बोला! पण त्या दोन वर्षांत रोसीने डुकाटीवर एकही शर्यत जिंकली नाही. आमच्या प्रेमाला त्याने काहीच फरक पडला नाही, कारण निकाल आमच्यापर्यंत पोचतच नव्हते. पोचत होता तो आवाज. तोसुद्धा चायना मोबाइलच्या फुटक्या स्पीकरमधून.

तो आवाज मी एकदा चाचांना ऐकवला. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे वर पत्रा, खाली ऑइलने काळी पडलेली जमीन आणि एक लाकडी पेटी. गाडी आली की चाचा आधी पाना उचलत नाहीत, मान तिरकी करून ऐकतात. ‘‘इंजन बोलता है, कान लगा,’’ हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मी जुन्या डुकाटीची क्लिप लावली. गाडी जागेवरच उभी, इंजिन चालू. चाचांनी दहा सेकंद ऐकलं आणि निदान सांगितलं: ‘‘क्लच गया इसका.’’

मला फार राग आला होता. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की चाचांचं निदान शंभर टक्के शास्त्रशुद्ध होतं. आपल्या बहुतेक गाड्यांचा क्लच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे तो गप्प असतो. त्या काळातल्या बऱ्याच डुकाटींचा क्लच कोरडा असायचा, तेलाबाहेर. क्लच दाबला की त्याच्या प्लेटा सैल होऊन एकमेकींवर आपटतात आणि पोत्यात भांडी भरून कोणीतरी हलवतंय असा खडखडाट होतो. जगभर लोक याच खडखडाटासाठी वेडे होते. स्प्लेंडरमध्ये जो बिघाड ठरेल, तो तिकडे ओळख ठरला.

डुकाटीची दुसरी खोड आणखी आतली. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडायला कॅम असतो आणि मिटायला स्प्रिंग. इंजिन फार वेगाने फिरायला लागलं की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. १९५०च्या दशकातल्या स्प्रिंगा तर तुटायच्याही. फाबिओ टालिओनी या इंजिनिअरने १९५६ मध्ये डुकाटीच्या शर्यतीच्या गाडीत व्हॉल्व्ह मिटवायलाही वेगळा कॅम आणि रॉकर दिला. उघडणंही यंत्राने, मिटणंही यंत्राने, स्प्रिंगच्या भरवशावर काही नाही. याला डेस्मो म्हणतात. पुढे स्प्रिंगा सुधारल्या, बाकीच्या कंपन्यांना याची गरज उरली नाही, पण डुकाटीने ही पद्धत अनेक दशकं सोडली नाही. याची किंमत म्हणजे ठरावीक अंतरानंतर व्हॉल्व्हची नाजूक जुळणी, आणि ती करणारा जाणता हात. नांदेडच्या होस्टेलमध्ये हे वाचलं तेव्हा मी अजून एकही डुकाटी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

त्याच काळात एक गोष्ट अशी कळली की माझा सगळा क्रमच उलटा झाला. इटालियन गाडी मी लहानपणीच चालवली होती. निदान तिच्या पुढच्या फळीवर उभा राहून हँडल तरी धरलं होतं. माझे मामा झेडपीचे मास्तर. त्यांच्याकडे निळी चेतक होती. किक बसली नाही की मामा तिला एका अंगावर आडवी करायचे, परत उभी करायचे, मग किक मारायचे. डाव्या मुठीत गिअर, उजव्या पायाखाली ब्रेक, मागे स्टेपनी. मामांच्या शाळेच्या वाटेवर नाला होता आणि पावसाळ्यात चेतक तो ओलांडायची. आम्हाला ती जगातली सगळ्यात देशी वस्तू वाटायची. नावच राणा प्रतापांच्या घोड्याचं!

पण ती वेस्पाची लेक. पियाजिओ ही इटलीतली विमानं बनवणारी कंपनी. दुसऱ्या महायुद्धात पोन्तेदेराचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला आणि युद्धानंतर विमानांचं काम राहिलं नाही. मालक एनरिको पियाजिओने कोराडिनो डास्कानिओला स्वस्त दुचाकी करायला सांगितली. डास्कानिओ हेलिकॉप्टरवर काम केलेला माणूस, आणि त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. साखळी कपडे खराब करते, पंक्चर झालं तर चाक निघता निघत नाही, चढताना पाय उंच टाकावा लागतो. म्हणून त्याने साखळी काढूनच टाकली आणि इंजिन मागच्या चाकाशी नेऊन लावलं. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. वेगळा सांगाडा न देता वाकवलेल्या पत्र्याचंच अंग केलं. १९४६ मध्ये वेस्पा आली. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. मोटारसायकल न आवडणाऱ्या माणसाने केलेली गाडी असल्यामुळेच आमच्या मामी नऊवारीत तिच्यावर बसू शकल्या.

१९६०च्या सुमारास बजाजने पियाजिओच्या परवान्यावर पुण्याजवळ आकुर्डीला वेस्पा बनवायला सुरुवात केली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. नाव बदललं, गाडीचा ढाचा वेस्पाचाच राहिला. पुढे १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आपल्या मराठवाड्यात, वाळूजलाही उभा राहिला. तोवर ही इटालियन गाडी इतकी आपली झाली होती की तिचं मूळ गाव कोणी विचारेना.

मला मात्र प्रश्न पडला: वेस्पा आपली झाली, मग डुकाटी वहीच्या शेवटच्या पानावरच का राहिली? किंमत हे उत्तर आहेच, पण पुरं नाही. चेतकही स्वस्त नव्हती. लोकांनी तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली होती. फरक चाचांच्या पेटीत होता. चेतकचं सगळं इंजिन त्यांनी तरुणपणी इतक्यांदा खोललं होतं की अंधारात जोडलं असतं. पार्ट नांदेडहून एसटीने यायचा. नाही आला तर चाचा लेथवाल्याकडून करून घ्यायचे.

याच वाटेने आलेली आणखी एक इटालियन गाडी किनवटला रोज दिसते आणि तिच्या प्रेमात कोणीच पडत नाही. तांड्यांवरून, गुड्यांवरून शाळेत येणारी माझी अर्धी शाळा ज्यात कोंबून यायची, ती अ‍ॅपे. इटालियनमध्ये उच्चार आपे, अर्थ मधमाशी. गांधीलमाशीच्या मागे गाडा जोडून पियाजिओने १९४८ मध्ये ती काढली. आपल्याकडे ती बारामतीला बनते. बाजाराच्या दिवशी ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस आणि मागे कोंबड्या. हे चित्र बघून कोणी वॉलपेपर लावणार नाही. पण दांडीला लटकून जाणाऱ्या एका पोराला मी तोंडाने तिचा डिझेलचा आवाज हुबेहूब काढताना ऐकलंय. सुरुवात अशीच होते.

खरीखुरी मोटारसायकल पहिल्यांदा ऐकली ती कॉलेजात, नांदेडला. २०१५ मध्ये बेनेल्ली भारतात आली होती, आणि त्यातली चार सिलिंडरची ६००आय एका संध्याकाळी विष्णुपुरीच्या रस्त्याने गेली. गाडी दिसेनाशी झाल्यावरही आवाज येत राहिला. चहाच्या टपरीवर आम्ही सहा जण गप्प. मग एक जण म्हणाला, ‘‘आईशपथ.’’ त्या रात्री मी बेनेल्लीचा इतिहास शोधला. कंपनीची मालकी २००५ पासून चिनी आहे, पण सुरुवात पेझारो गावातली, १९११ची. तेरेसा बेनेल्ली नावाच्या विधवा बाईने आपल्या सहा मुलांना कायमचा धंदा मिळावा म्हणून घरचा पैसा घालून काय काढून दिलं? गॅरेज. सायकली आणि मोटारसायकली दुरुस्त करायचं गॅरेज. स्वतःची मोटारसायकल त्यांनी १९२१ मध्ये काढली. म्हणजे आधी दहा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या खोलल्या. मला एकदम चाचांची पेटी आठवली.

आता मी पुण्यात आहे, हिंजवडीत कोड लिहितो. पगार बरा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये एप्रिलियाची आरएस ४५७ भारतात आली. शोरूमचा भाव ४ लाख १० हजार. कंपनी नोआलेची, गाडी बनते बारामतीला, अ‍ॅपेच्याच गावी. रोसीचं पहिलं विश्वविजेतेपद १९९७चं, तेही एप्रिलियावर. मी टेस्ट राइड घेतली. या गाडीचे दोन सिलिंडर शेजारी-शेजारी आहेत, पण क्रँक २७० अंशांचा असल्यामुळे त्यांचे ठोके समान अंतराने पडत नाहीत. डुकाटीच्या ९० अंशांच्या जोड सिलिंडरचाही ताल हाच. हेल्मेटच्या आत तो ताल ऐकला आणि फुटका स्पीकर आठवला.

मग घरी फोन केला. आमच्या वडिलांना कोणतीही किंमत रुपयांत कळत नाही.

‘‘कापसात सांग,’’ ते म्हणाले.

२०२३-२४ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये. मी मोबाइलवर भागाकार केला. ‘‘अठ्ठावन्न क्विंटल.’’

फोनवर थोडा वेळ काही आवाज नाही. आमची पाच एकर कोरडवाहू. चांगल्या वर्षी पंचवीस क्विंटल निघतो. अठ्ठावन्न म्हणजे दोन वर्षांहून जास्त, तेही बोंडअळी आली नाही तर, आणि बियाणं, फवारणी, वेचणीचा खर्च धरलाच नाही तर.

‘‘घे ना बाप्पा,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘तुहे पैसे हायेत. म्या फक्त इचारलं.’’

त्यांनी खरंच फक्त विचारलं होतं. टोमणा नव्हता. फ्रिज, माझी फी, बहिणीचं लग्न, सगळं त्यांनी असंच मोजलं आहे. पण आकडा एकदा कापसात मांडला की तो परत रुपयांत जात नाही. शोरूमच्या माणसाचे तीन फोन आले, तिन्ही वेळा मला पांढरा ढीग दिसला. त्या वर्षी मी ठिबक बसवून दिलं. त्याग वगैरे नाही. विहीर आहे, पाणी कमी आहे, ठिबकचा हिशोब बसत होता. बाइकचे पैसे पुन्हा पहिल्यापासून जमवायला घेतले आहेत. पण आता मला आणखी एक भीती होती, आणि ती कापसाची नव्हती. आरएस ४५७ मध्ये थ्रॉटलची वायर नाही, सेन्सर आहे. बिघाड कळतो तो कॉम्प्युटरला. मी स्वतः बंद कोड लिहून पोट भरतो, म्हणून मला ठाऊक आहे की बाहेरच्या माणसाला आत काहीही दिसत नाही. चाचांनी मान तिरकी करून तरी काय ऐकायचं?

तर चाचांचं ऐका. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि साध्या गाड्यांचेही कार्ब्युरेटर गेले. गल्लीतल्या दोन गॅरेजांनी नव्या गाड्या घेणं बंद केलं. चाचांनी पैसे साठवून स्कॅनर आणला. गाडीला पिन लावायची, पडद्यावर इंग्रजीत कोड येतो. चाचांना इंग्रजी येत नाही. ते पडद्याचा फोटो मला पाठवतात. मी मीटिंगमध्ये असलो तरी कॅमेरा बंद करून त्यांना बोलून पाठवतो: हा ऑक्सिजन सेन्सरचा, आधी वायर बघा, हा बॅटरीचा, टर्मिनल घासा. गेल्या वर्षभरात असे चाळीसेक फोटो झाले. आता निम्मे कोड त्यांना पाठ आहेत. परवा एक फोटो आला आणि खाली त्यांचा आवाज: ‘‘ये तो मैं सुनके ही समझ गया था, मशीन को बाद में समझा.’’

मी हसलो. दोन मिनिटांनी त्यांचा दुसरा मेसेज आला.

‘‘सुन, वो तेरी इटलीवाली में कौन सी पिन लगती? पूछ के रख. आएगी तो खोलनी पड़ेगी ना.’’