‘नाही असे काहीच नाही’ : अमा बेटावरील सहा दिवस

जपानच्या होन्शू या मुख्य बेटापासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर, जपानच्या समुद्रात, ओकी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील नाकानोशिमा या बेटावर अमा हे एकच गाव. जपानी शासनाच्या लेखी ते ‘नगर’; परंतु लोकवस्ती जेमतेम २,३००, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याएवढी. नोकरीनिमित्त ओसाका येथे राहणाऱ्या आमच्या वर्गमित्राने कळविले की, या बेटावर एक शाळा आहे, तिचे वसतिगृह आहे आणि त्या शाळेने गाव वाचविले आहे. वसतिगृहात वाढलेल्या माणसांना असे पत्र स्वस्थ बसू देत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघे माजी विद्यार्थी तेथे सहा दिवस राहून आलो. तेथे जे पाहिले, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

मुख्य बेटाच्या किनाऱ्यावरून बोटीने निघाल्यावर तीनेक तासांनी हिशिउरा बंदर लागते. अमा आणि शेजारची दोन बेटे मिळून समुद्रात एक कडे तयार झाले आहे. लक्षावधी वर्षांपूर्वी एक ज्वालामुखी खचला, त्याच्या मुखात समुद्र शिरला आणि ही बेटे म्हणजे त्या मुखाचा उरलेला काठ होय. त्यामुळे आतले पाणी तळ्यासारखे संथ असते. १८९२ साली लाफकाडिओ हर्न हा लेखक येथे काही दिवस राहिला, तेव्हा या संथपणाने तोही मोहून गेला होता. बेटावर गोड्या पाण्याचे झरे आहेत, म्हणून समुद्राच्या मधोमध भातखाचरे दिसतात. त्यांपैकी एका झऱ्याची कथा आठव्या शतकातील ग्योकी या बौद्ध भिक्षूशी जोडलेली आहे. ग्योकी हे गावोगाव फिरून पूल व तलाव बांधणारे भिक्षू म्हणून जपानमध्ये आजही पूज्य मानले जातात.

बंदरावर उतरताच एक वाक्य जागोजागी लिहिलेले दिसते : ‘नाई मोनो वा नाई’. २०११ सालापासून हे अमाचे घोषवाक्य आहे. त्याचे दोन अर्थ होतात. एक, ‘जे नाही, ते नाही’. दुसरा, ‘नाही असे काहीच नाही’. पहिला अर्थ लगेच पटतो. रात्रंदिवस उघडी असणारी दुकाने, चित्रपटगृह, मोठा बाजार, यांपैकी बेटावर काही नाही. हिवाळ्यात समुद्र खवळला की बोट बंद होते, आणि बोट बंद झाली की बाहेरचे सामानही येत नाही. दुसरा अर्थ समजण्यास आम्हांस सहा दिवस लागले.

अमाला इतिहास आहे, पण तो बहुतांशी हद्दपारीचा. कामाकुरा येथील लष्करी सत्तेविरुद्धचा उठाव फसल्यावर १२२१ साली निवृत्त सम्राट गो-तोबा यांना येथे पाठविण्यात आले. ते थोर कवी होते. पुढील अठरा वर्षे त्यांनी याच बेटावर काढली आणि १२३९ साली येथेच देह ठेवला. ज्या गेनपुकुजी नावाच्या बौद्ध मंदिरात ते राहिले, ते आता उभे नाही. मेइजी काळाच्या आरंभी, १८६८ नंतर, जपानमध्ये बौद्ध धम्माविरुद्ध जी लाट उठली तिचा तडाखा ओकी बेटांना फार जोराचा बसला. मंदिरे पाडली गेली, मूर्ती फोडल्या गेल्या. त्या मोकळ्या जागेपुढे उभे राहताना आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही. भग्न विहारांच्या देशातून आलेल्या माणसांना त्या शांततेचा अर्थ सांगावा लागत नाही.

विसाव्या शतकात बेटावरचे संकट निराळे होते. १९५० च्या सुमारास येथे ७,००० लोक होते. पुढे तरुण मंडळी शहरांकडे गेली आणि परतली नाहीत. या शतकाच्या आरंभी नगरावर एवढे कर्ज झाले की दिवाळखोरीची भीती उभी राहिली. शेजारच्या बेटांत विलीन न होता स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा निर्णय गावाने घेतला. २००२ साली निवडून आलेले नगराध्यक्ष यामाउची मिचिओ यांनी आपले वेतन निम्म्यावर आणले. कर्मचाऱ्यांनीही पगारकपात स्वीकारली. वाचलेल्या पैशांतून काही भाग मुलांच्या संगोपनासाठी वापरला गेला. बेटावरची मासळी मुख्य बेटावरच्या बाजारात पोहोचेपर्यंत शिळी होई आणि भाव मिळत नसे. त्यावर उपाय म्हणून २००५ साली मासळीचा ताजेपणा टिकवून ती गोठविणारी यंत्रणा आणली गेली. कालवांची शेती वाढली, गोमांसाला बाजारपेठ मिळाली.

तरीही खरा प्रश्न शाळेचा होता. या तीन बेटांत मिळून एकच उच्च माध्यमिक शाळा आहे. २००८ च्या सुमारास तिची पटसंख्या ९० च्या घरात आली आणि शाळा बंद पडणार असे दिसू लागले. शाळा गेली तर पंधराव्या वर्षी मूल बोटीत बसून परगावी जाणार. त्याच्यामागे धाकटी भावंडे जाणार, मग आईवडील. म्हणजे शाळेपाठोपाठ गावही जाणार. तेव्हा बेटाने उलटा विचार केला. आपली मुले बाहेर जातात, तर बाहेरची मुले येथे का येऊ नयेत? जपानभरातून विद्यार्थी बोलावण्यात आले. त्यांच्यासाठी वसतिगृहाची सोय झाली, आणि २०१० साली सार्वजनिक अभ्यासकेंद्रही निघाले. समुद्र, शेती, बेटाचे प्रश्न, हेच अभ्यासाचे विषय झाले. दहा वर्षांच्या आत पटसंख्या दुप्पट झाली. आज निम्म्याच्या आसपास मुले बेटाबाहेरची असतात.

परंतु आम्हांस सर्वांत अधिक भावली ती ‘शिमा-ओया’ ही पद्धत. शिमा-ओया म्हणजे ‘बेटावरचे पालक’. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला वसतिगृहाखेरीज गावातील एक घर जोडून दिले जाते. सुटीच्या दिवशी त्याने तेथे जेवावे, शेतात हात लावावा, होडीत बसावे, आजारी पडल्यास त्या घराने विचारपूस करावी. अशा एका घरी आम्हांस जेवण मिळाले. येथे पूर्वीपासून रश्श्यात मांसाऐवजी साझाए हा शंखातला जीव घालतात. तोच भातासोबत होता. आम्ही बसलेलो असताना दार सरकले आणि एका तरुणाने बाहेरूनच ‘तादाइमा’ अशी हाक दिली. स्वतःच्या घरी परतल्यावर जपानी माणूस जो शब्द उच्चारतो तो हा; आपल्याकडे ‘आई, आलो गं’ म्हणावे तसा. आजीबाईंनी आतून ‘ओकाएरी’ म्हणून उत्तर दिले. तो त्यांचा मुलगा नव्हता, नातूही नव्हता. चार वर्षांपूर्वी शाळा संपवून तोक्योला गेलेला विद्यार्थी, उत्सवासाठी आला होता. जेवण होताच त्याने कोणी न सांगता भांडी विसळली.

मूल तीनच वर्षांनी निघून जाते, त्याचे वाईट वाटत नाही का, असे आम्ही विचारले. आजीबाई म्हणाल्या, “ते जाणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊकच असते. म्हणून तर त्याला जेवायला बोलवायचे. परत यायला एक ताट तरी हवे.”

ते दिवस ओबोनचे होते. दिवंगत आप्त या दिवसांत घरी येतात अशी श्रद्धा असल्याने शहरांतली माणसे गावी परततात. १६ ऑगस्टच्या सकाळी आम्ही शेजारच्या निशिनोशिमा बेटावर गेलो. तेथे बांबू आणि गवताची मोठी नौका बांधतात, तिला रंगीत कागदी पताकांचे शीड चढवितात आणि दिवंगतांना निरोप म्हणून ती समुद्रात सोडतात. या सणाचे मूळ भगवान बुद्धांचे शिष्य महामोग्गलान यांच्या कथेत आहे. मृत मातेसाठी त्यांनी वर्षावासाच्या समाप्तीला भिक्खूसंघास भोजनदान दिले, असे महायान परंपरा सांगते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आम्हां लोकांना श्राद्ध-पिंडदान मान्य नाही, आणि मृतात्मे होडीतून परततात असे आम्ही मानीत नाही. तथापि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या वृद्ध व बालकांकडे पाहताना एक गोष्ट स्पष्ट दिसली. ज्यांनी आपल्याला वाढविले त्यांचे नाव वर्षातून एकदा सर्वांनी मिळून घ्यावे, ही कृतज्ञता धम्माला परकी नाही.

अमाच्या उत्सवात ‘किन्न्यामोन्या’ नावाचे नृत्य होते. दोन्ही हातांत भात वाढण्याचे लाकडी उलथणे घेऊन ती एकमेकांवर वाजवीत लोक रस्त्याने नाचतात. भात वाढण्याची वस्तू हेच गावाचे वाद्य! ज्या गावात जेवायला बोलावणे हीच संस्कृती आहे, त्याला हे शोभते.

आता आपल्याविषयी. महाराष्ट्रात कमी पटसंख्येच्या शाळांचे काय करायचे हा प्रश्न वाड्यावस्त्यांपुढे आहेच. आपल्या वसतिगृहाने आपल्यासारख्या अनेकांना गावातून उचलून शहरापर्यंत पोहोचविले. त्याबद्दलचे ऋण शब्दांत मावणारे नाही. पण रविवारची दुपार आपल्या सर्वांना आठवत असेल. ज्यांचे पालक ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर असत, ती मुले फाटकाकडे पाठ करून बसत. त्यांना भेटायला कोणी येणार नसे. आजही त्या फाटकापाशी काही मुले तशीच बसतात.

शाळेच्या दोन-पाच कोसांच्या परिसरात आज आपले अनेक माजी विद्यार्थी संसार थाटून आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येक घराने एका मुलाची किंवा मुलीची जबाबदारी घ्यावी, संस्थेच्या संमतीने आणि गृहपालांच्या माहितीने. पैसा नको, वस्तू नकोत. महिन्यातून एका रविवारी आपल्या पंगतीत एक ताट वाढावे, आणि पुढे ते मूल कोठेही गेले तरी ते ताट त्याच्यासाठी राहू द्यावे. आम्ही चौघांनी आपापली नावे कार्यालयात दिली आहेत. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. त्या दिवसापर्यंत निदान वसतिगृहातल्या, रविवारी कोणीही भेटायला न येणाऱ्या मुलांएवढी घरे नोंदली जावीत, एवढीच विनंती आहे.